कुठल्याच यादीत नसलेला जावई

अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. बत्तीस चालत नाहीत. हे मला आईने सांगितलं, तिला तिच्या सासूने, आणि ‘का’ असं आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. लेकीच्या, वल्लरीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना होता. आम्ही मस्कतला बावीस वर्षं आहोत, हल्ली अल अमेरातला राहतो. जावई मिळाला तोही शेजारच्याच देशात, अल ऐनला, गाडीने चार-साडेचार तासांवर. म्हणजे वाण न द्यायला काही सबबही उरली नव्हती.

यश शुक्रवारी संध्याकाळी एकटाच आला. वल्लरी तिकडे शाळेत शिकवते आणि तिच्या मुलांच्या परीक्षा चालू होत्या. मी त्याला यशराव म्हणते, निम्मं चेष्टेने आणि निम्मं मानाने. शनिवारी पाटावर बसवलं, ओवाळलं, डबा हातात दिला, तर हा म्हणतो, “आई, पाच द्या. मी गोड खात नाही, वल्लरीचं डाएट चालू आहे.”

“यशराव, इथे घासाघीस नाही,” मी म्हटलं. “तेहतीस म्हणजे तेहतीस.”

राजीव, माझा नवरा, सोफ्यावरून म्हणाला, “अगं, त्याला बॉर्डर क्रॉस करायची आहे. कशाला एवढं लादतेस?”

“अनारसे आहेत ते, बॉम्ब नाहीत,” मी म्हणाले. दोघंही हसले. मीही हसले, आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या मागच्या सीटवर ठेवून आले.

रविवारी सकाळी सातला तो निघाला. वाटेतल्या सोहारच्या पेट्रोल पंपावरून त्याने वल्लरीला चहाच्या कपाचा फोटो पाठवला. पावणेअकराला मेसेज आला, ‘चेकपोस्टला आहे, गर्दी नाही.’ त्यानंतर फोन बंद. दुपारी एक वाजता वल्लरीने मला विचारलं, तीन वाजता विचारलं, पाचला ती रडत होती. अपघात झाला असेल असं वाटून आम्ही सोहारच्या आणि बुरैमीच्या हॉस्पिटलांत फोन केले, तिने अल ऐनच्या हॉस्पिटलांत केले. कुठेच असा कुणी आला नव्हता. सोमवारी दुपारी वल्लरीच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला हळूच सांगितलं की हॉस्पिटलात नसेल तर पोलिसांत विचार. त्यांच्या दिराचं तसंच झालं होतं.

मी इथल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं काढली. कुठल्याही मुलाचं नाव सांगा, त्याचा दाखला, लसीचं कार्ड, वडिलांचा जुना नंबर, सगळं मी दोन मिनिटांत काढून देते. त्यामुळे मला वाटलं, माणूस पकडला असेल तर कुठेतरी लिहिलेला असणारच. लिहिलेलं शोधायचं, एवढंच काम आहे.

राजीवचा भाचा रुपेश अमेरिकेत एल पासोला असतो. तेही सीमेवरचंच शहर, पलीकडे मेक्सिको. त्याला कळलं तसा त्याचा फोन आला. “मामी, त्यात काय! काउंटीच्या साइटवर नाव टाक. इथे कुणालाही आत घेतलं की थोड्या वेळात नाव, फोटो, चार्ज, कुठल्या जेलमध्ये आहे, सगळं दिसतं. माझ्या शेजाऱ्याचं मी जेवता जेवता बघितलं.” आणि वर नमुना म्हणून त्याने तिथली लिंक पाठवली.

इथे तशी साइट नाही हे मला अर्ध्या तासात कळलं. बुरैमीचं नाव घालून शोधलं तर वकिलांच्या जाहिराती आल्या आणि जुन्या बातम्या आल्या. पण रुपेशची लिंक मी बंद केली नाही. त्यात ओळीने चेहरे होते, कुणी विस्कटलेले, कुणी चक्क हसणारे, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख. मी ते एकेक करून खाली सरकवत राहिले. त्यात यश असणं शक्यच नव्हतं. तरी बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते मला कळत नव्हतं. त्या माणसांच्या बायकांचा मला हेवा वाटला, अगदी खरं सांगते.

मंगळवारी आम्ही बुरैमीला, सीमेवर जायला निघालो. शाळेत मी सांगितलं, जावयाला बरं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सांगितलं, सोहारला लग्न आहे. ‘पकडला असेल’ हा शब्द मी रुपेश सोडून कुणाजवळही काढला नाही, आणि राजीवलाही काढू दिला नाही.

बुरैमीची एक गंमत आहे. गंमत म्हणजे त्या दिवसापर्यंत मला ती गंमत वाटायची. ओमानमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो तो डोंगरातल्या चेकपोस्टवर, आणि बुरैमी गाव येतं त्याच्याही पुढे. गाव ओमानचंच. त्या गावाच्या पलीकडे कुंपण, मग त्यांची चौकी, मग अल ऐन. म्हणजे कागदावर देश संपतो आणि जमिनीवर अजून चालूच असतो.

चेकपोस्टवर राजीवने आमची कार्डं दाखवली, बुरैमीपर्यंतच जायचंय म्हणून सांगितलं, आणि मग यशच्या पासपोर्टची कॉपी पुढे केली. काचेमागचा माणूस वयाने मोठा होता. त्याने आमच्या तोंडाकडे पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, “खरज. बाहर गया. संडे, दस-पचपन.”

“उसके बाद?” राजीवने विचारलं.

“उसके बाद मेरे पास नहीं, सदीक, दोस्त. यहाँ से खलास.”

मी लगेच वल्लरीला फोन केला. ती सकाळपासून तिकडच्या ऑफिसांत फिरत होती. तिला तिथे सांगितलं होतं की या पासपोर्टवर रविवारी कुणीही आत आलेलं नाही. इकडून गेला आणि तिकडे पोचला नाही. मध्ये पाऊण तासाचा रस्ता आणि एक गाव.

बुरैमीच्या पोलीस ठाण्यात बाहेर खजुराची झाडं होती आणि आत छान थंड होतं. काउंटरवरच्या तरुण पोराने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. यशचं नाव त्याने स्वतः टाइप केलं, नंतर पासपोर्ट नंबर टाइप केला. मान हलवली. “मा फी, मदाम. यह नाम नहीं.”

“नहीं मतलब, यहाँ नहीं है? या बताना नहीं है?” मी विचारलं. राजीवने माझा हात दाबला.

त्या मुलाला राग आला नाही. तो म्हणाला, “नाम नहीं है तो मैं कैसे बोलूँ? कोई पकड़ा भी है तो उसको फोन मिलता है. वो खुद फोन करेगा, इन्शाल्ला.”

“कधी? कब करेगा?”

“इन्शाल्ला,” तो परत म्हणाला.

मी त्याला म्हटलं की अमेरिकेत तर सगळ्यांची नावं लावतात, फोटोसकट. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “मदाम, आपका लड़का है. सब लोग उसका फोटो देखे, आपको अच्छा लगेगा? ये उसका इज़्ज़त है.” पंधरवड्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी हेच म्हणाले असते, आणि सोहारच्या लग्नाची थाप मी त्याच इज्जतीसाठी मारून आले होते. उन्हात येऊन उभी राहिले तेव्हा मला कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या, पण ज्याला घालाव्या असा एकही माणूस भेटला नव्हता. सगळे चांगलेच वागत होते.

ठाण्यासमोरच्या गल्लीत टायपिंगची दुकानं आहेत, व्हिसाचे आणि कोर्टाचे अर्ज अरबीत करून देणारी. त्यातल्या एकात आम्ही शिरलो. मालक नुमान, हैदराबादचे, पन्नाशीचे, तीस वर्षं बुरैमीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“देखिए भाभी, दो ही बात हो सकती है,” ते म्हणाले. “इधर की कस्टम ने लिया, या उधर की. केस का नंबर पड़ने तक नाम किधर भी नहीं दिखता. नंबर पड़ा कि मैं अर्जी बना देता हूँ, बंदा मिल जाता है. मगर लिया तो किस बात पे? साथ में क्या था उनके?”

“कपड़े,” राजीव म्हणाला. “लॅपटॉप.”

“और?”

“और मिठाई,” मी म्हटलं. “घर की. अनारसे.”

“वो क्या होता है?”

मी सांगू लागले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून गूळ घालायचा, पीठ मुरू द्यायचं, मग गोळी खसखशीवर थापून तुपात सोडायची. बोलता बोलता मी थांबले. नुमानभाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं होतं.

“खसखस,” ते म्हणाले. “कितनी?”

मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मला माहीत होतं. खसखस इकडे आणायची नाही, पलीकडे तर मुळीच न्यायची नाही, अफूच्या झाडाची म्हणून तिच्यावर बंदी आहे, हे इथली प्रत्येक मराठी बाई आल्या वर्षीच ऐकते. आणि तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी गोड्या मसाल्याच्या पुड्यांत मूठभर घालून आणतंच. आपण काय, सणापुरती आणतो. आपल्याला कोण पकडणार? माझी पुडी गेल्या दिवाळीत बहिणीने आणली होती, ती मी फ्रीजरमध्ये जपून ठेवली होती, खास या महिन्यासाठी. तिळाचे लावले असते तर काय बिघडलं असतं? पण पहिलंच वाण, जावयाला तिळावर भागवलं असं मला म्हणून घ्यायचं नव्हतं. म्हणणारं तरी इथे कोण होतं?

राजीव माझ्याकडे बघत होता. गाडीत बसल्यावर त्याने एसी लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि विचारलं, “कल्पना, तू त्याला सांगितलं होतंस?”

“नाही.”

“म्हणजे त्याला माहीतच नव्हतं त्या डब्यात काय आहे.”

“नाही.”

त्याने गाडी जागची हलवली नाही. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, “मी जाऊन सांगते पोलिसांना. मी केलेत म्हणते. त्याला सोडा, मला घ्या.” राजीव म्हणाला, आधी नुमानभाईंना विचारू. नुमानभाईंनी कानाला हात लावले. “भाभी, अल्ला के वास्ते! दामाद ने उधर क्या बोला है आपको मालूम नहीं. आप इधर कुछ और बोलोगे, तो दोनों झूठे पड़ेंगे. पहले उसका फोन आने दो. पहले पूछो कि किधर है, बाकी मैं करता हूँ.”

त्यांचं बरोबर होतं. पण मला बसवेना. बुधवारी सकाळी राजीव हॉटेलच्या खोलीत वकिलांना फोन लावत होता, तेव्हा पाण्याची बाटली आणते म्हणून मी बाहेर पडले आणि चालत ठाण्यात गेले. कालचा मुलगा नव्हता. एक बाई होत्या, गणवेशातल्या, माझ्या वल्लरीएवढ्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, इंग्रजी चांगलं होतं. मी त्यांना म्हणाले, त्या मिठाईवर जे होतं ते मी लावलं, माझ्या जावयाला ठाऊक नव्हतं, माझा जबाब लिहून घ्या.

त्यांनी विचारलं, “केस नंबर काय?”

“नंबर नाही.”

“कुठे पकडलं?”

“माहीत नाही.”

“पकडलंय हे कशावरून?”

रविवारपासून त्याचा फोन बंद आहे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “ती मिठाई तुमच्याजवळ आहे?” मी नाही म्हटलं. त्यांनी वही उघडली, पेन हातात घेतलं, क्षणभर विचार केला. “मॅडम, मी काय लिहू?” त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न खराच होता. शेवटी त्यांनी माझं नाव आणि मोबाइल नंबर एका कागदावर लिहून घेतला आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. गुन्हा कबूल करायलासुद्धा नंबर लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी मी वल्लरीला सांगितलं. ती कुंपणापलीकडे पंधरा मिनिटांवर होती आणि आम्हाला एकमेकींना भेटता येत नव्हतं. तिकडचा व्हिसा आमच्याजवळ नव्हता, आणि तिला घर सोडून इकडे यायचं नव्हतं, तो आला आणि दाराला कुलूप असलं तर म्हणून. मी सगळं सांगितलं, फ्रीजरमधल्या पुडीसकट. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं.

“आई, आम्हाला कुणालाच नको होते गं ते,” ती म्हणाली. “त्यालाही नको होते, मलाही नको होते. तो तुला नाही म्हणू शकला नाही, एवढंच.”

मग ती म्हणाली की तिला फोन ठेवायला हवा. दूतावासाच्या मदतीच्या नंबरावर तिला लाइन धरून बसायचं होतं. तो नंबर ती सकाळ-संध्याकाळ लावत होती आणि तिथली माणसं दर वेळी यशचं नाव परत लिहून घेत होती.

त्या संध्याकाळी राजीवने मला काही खायला लावलं. मी त्याला ठाण्यात गेल्याचं सांगितलं नाही. खिडकीतून अल ऐनच्या इमारती दिसत होत्या आणि त्यांतली वल्लरीची कुठली असेल ते मी शोधत बसले. चार दिवसांपूर्वी माझी एकच काळजी होती, पीठ जास्त मऊ झालंय की काय. आता माझ्या मुलीचा नवरा दोन देशांच्या मध्ये कुठेतरी एका खोलीत बसला होता, आणि मी माझ्या हाताने त्याला तिथे बसवलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की हात धुवून आले, परत धुवून आले.

गुरुवारी सकाळी साडेदहाला माझा फोन वाजला. राजीव खाली नुमानभाईंकडे गेला होता. स्क्रीनवर नंबर नव्हता, नुसतं ‘प्रायव्हेट’ लिहून आलं होतं.

“आई, यश बोलतोय.”

मी पलंगावर बसले.

“वल्लरीचा फोन एंगेज लागतोय,” तो भरभर बोलत होता. “मला एकच मिनिट दिलंय. मी बरा आहे. तिला सांगा, मी बरा आहे.”

“यशराव! जेवलात का हो तुम्ही?”

“हो, हो, जेवलो.”

“काय दिलं?”

“भात. भात आणि डाळीसारखं काहीतरी. आई, ऐका—”

“पोटभर देतात ना? झोपायला काय आहे? पांघरूण आहे का? एसी फार असेल तर—”

“आहे सगळं. आई, नीट ऐका. मी त्यांना सांगितलंय, ते मी रस्त्यात एका दुकानातून विकत घेतले. तुमचं नाव कुठेच घेतलेलं नाही. तुम्ही कुणाशी काही बोलू नका.”

“अरे, पण मी सांगून आले!” मी रडायला लागले होते. “मी सांगितलं पोलिसांना, मीच केले म्हणून. तुझी काही चूक नाही रे बाळा, माझीच—”

मागे कुणीतरी अरबीत बोललं.

“कुठल्या पोलिसांना?” यशने विचारलं.

“इथल्याच.”

“इथल्या म्हणजे कुठल्या? आई, तुम्ही कुठे आ—”

फोन बंद झाला. मी हॅलो, हॅलो करत राहिले. नंबर नव्हताच, परत लावायचा तर कुठे लावणार? मी फोन हातात धरून बसले, अजून वाजेल म्हणून. एक मिनिटाने वाजला. वल्लरी होती.

“आई, आत्ता माझ्याकडे मिस्ड कॉल दिसतोय, प्रायव्हेट. तो होता का? तुला आला का फोन?”

“आला,” मी म्हटलं. “बरा आहे. आवाज बरा होता.”

ती जोरजोरात रडायला लागली. रडता रडता हसली. “देवा! कुठे आहे तो? आई, कुठल्या बाजूला? मी गाडीची किल्ली घेतलीये, पत्ता सांग. कुठे आहे म्हणाला?”

एका मिनिटात काय काय विचारलं ते सगळं मी आठवून पाहिलं.

“आई? कुठे आहे यश?”

“भात दिला म्हणाला,” मी म्हटलं. “भात आणि डाळीसारखं काहीतरी.”